लांकडावरील धिंगरी अळंबी व तिची ओळख

पावसाचे पहिले दोन-तीन सडाके होऊन गेले, कीं रानांत पडलेलीं झाडें, बांधावरील वठलेले आंबे व उंबर, कुंपणाचे जुने खांब आणि परसांतील ओंडके यांवर नाना प्रकारच्या अळंब्या दिसूं लागतात. आपल्याकडे त्यांस कोणी अळंबी म्हणतात, कोणी भूछत्र म्हणतात, व जी ओळखीची नाहीं तिला 'कुत्र्याची छत्री' हें नांव देऊन मोकळे होतात. त्यांपैकीं कांहीं खाण्यास उत्तम, बहुतेक निरुपयोगी आणि थोड्या प्राणघातक असतात. परंतु हे तीन वर्ग सृष्टीनें निरनिराळ्या रंगांनीं रंगवून ठेवलेले नाहींत. अलीकडे पेंढ्याच्या पिशव्यांत वाढविलेली धिंगरी अळंबी शहरच्या बाजारांत विकली जाऊं लागल्यापासून एक प्रश्न आमच्या कानीं वारंवार येतो. तो असा, कीं 'पिशवींत येते तशीच अळंबी आमच्या बांधावरील आंब्यावर येते. ती खाण्यास किंवा विकण्यास काय हरकत आहे?' या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देण्यासारखें नाहीं, म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

नांव व पूर्ववृत्त

धिंगरीच्या वंशास शास्त्रांत प्लुरोटस असें म्हणतात. ग्रीक भाषेंतील 'बाजू' व 'कान' या अर्थाच्या दोन शब्दांवरून हें नांव बनलें आहे. व झाडाच्या बुंध्यास एका बाजूनें कानाच्या पाळीसारखी चिकटलेली अळंबी पाहिली म्हणजे तें किती यथार्थ आहे हें सहज कळतें. या वंशांतील मुख्य जातीचें शास्त्रीय वर्णन ऑस्ट्रियांतील वनस्पतिशास्त्रज्ञ याक्विन यांनीं १७७५ सालीं केलें, व १८७१ सालीं जर्मनींतील कुमर यांनीं प्लुरोटस हा स्वतंत्र वंश मानला. त्या मुख्य जातीचें विशेषनाम 'कालवाच्या शिंपल्यासारखी' अशा अर्थाचें आहे, म्हणून आपल्याकडे तिला शिंपला अळंबी असेंही म्हणतात. धिंगरी हा शब्द हिमालयाच्या पायथ्याकडील डोंगरी मुलखांतून आपल्याकडे आला आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१७ सालीं, जर्मनींत फाल्क यांनीं झाडांच्या बुंध्यांवर तिची लागवड करून दाखविली. आपल्या देशांत म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रविज्ञान संशोधन संस्थेंतील बानो व श्रीवास्तव यांनीं १९६२ सालीं भाताच्या पेंढ्यावर ती वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली. आज हिमाचल प्रदेशांतील सोलन येथें या विषयाचें स्वतंत्र संचालनालय आहे, व पुण्याच्या कृषि महाविद्यालयांतही अळिंबी संशोधनाचें काम चालतें.

लांकडावर वाढणारी ही वस्तु पेंढ्यावर कां वाढते, हें समजून घेणें उपयोगाचें आहे. लांकडास कठीणपणा देणारें लिग्निन नांवाचें जें द्रव्य आहे तें फारच थोड्या जीवांस पचवितां येतें. प्लुरोटसचे तंतु तें पचवितात व लांकूड पांढरें, मऊ, भुसभुशीत करून टाकतात. भाताच्या पेंढ्यांत व गव्हाच्या काडांतही तेंच द्रव्य असतें. म्हणून या अळंबीस पेंढा हें एक प्रकारचें मऊ लांकूडच होय. लांकडांत नत्र फार थोडें असतें, त्याची भरपाई ती कशी करते हें तर नवलाचें आहे. १९८४ सालीं कॅनडांतील थॉर्न व बॅरन यांनीं असें दाखविलें, कीं हिचे तंतु सूक्ष्म सूत्रकृमींस निश्चेष्ट करून त्यांच्या शरीरांत शिरतात व त्यांस पचवितात.

चतुःसीमा पाहण्याची गरज

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. तेथें एक गोष्ट पक्की शिकावयास मिळाली, ती अशी, कीं जमिनीचें नुसतें नांव कोणत्याही कामास पुरत नाहीं. 'माळाचें शेत' या नांवाचीं एकाच गांवीं पांच शेतें असूं शकतात. म्हणून खतपत्रांत पूर्व, पश्चिम, दक्षिण व उत्तर अशी चतुःसीमा लिहावी लागते. आणि तीन सीमा जुळून चौथी जुळली नाहीं, तर तें शेत तें नव्हे. अळंबीच्या बाबतींतही हाच नियम लावावा असें आमचें सांगणें आहे. एका खुणेवरून ओळख पटवूं नये. चार सीमा पाहाव्या, व चारही जुळल्या तरच पुढील गोष्ट बोलावी.

पहिली सीमा जागेची. प्लुरोटस बहुधा रुंद पानांच्या झाडांच्या मेलेल्या किंवा मरूं घातलेल्या लांकडावर येते; एकावर एक थर रचल्याप्रमाणें तिचे झुपके असतात. जमिनींतून उगवलेली छत्री दिसली तर तिचें मूळ पुरलेल्या लांकडास लागलें आहे किंवा काय, हें खणून पाहावें. पावसाळ्यांत वारुळावर येणारी, गोव्यांत जिला रोंयण अळमी म्हणतात ती, खाण्यास प्रसिद्ध असली तरी अगदीं निराळ्या वंशाची आहे.

दुसरी सीमा छत्री व देठ यांची. प्लुरोटसची छत्री पंख्यासारखी किंवा शिंपल्यासारखी असते. तिचा रंग जातिपरत्वें पांढरा, करडा, तपकिरी, पिवळा किंवा गुलाबी असतो. यास्तव रंगावर मुळींच विसंबूं नये. उष्ण प्रदेशांत सर्वत्र आढळणारी जामोर नांवाची जात कधीं गुलाबी तर कधीं पांढरट असते. देठ आंखूड, भरीव व एका बाजूस असतो, किंवा जवळजवळ नसतोच. देठावर बहुधा कडें नसतें, व बुडाशीं पेल्यासारखी पिशवी तर कधींच नसते. आंतील गर पांढरा असतो.

तिसरी सीमा पडद्यांची. छत्री उलटी केली म्हणजे पंख्याच्या घड्यांसारखे पातळ पडदे दिसतात. प्लुरोटसमध्यें ते देठापाशीं एकदम थांबत नाहींत; देठावरून खालीं उतरत जातात. त्यांची कड सरळ व गुळगुळीत असते. कड करवतीसारखी दातेरी असेल व छत्री चामड्यासारखी चिवट असेल, तर ती बहुधा लेंटिनस वंशांतील समजावी. पडदे उभे चिरून दुभंगलेले दिसले, तर ती सुक्या काटक्यांवर बारमास येणारी लहानशी, केंसाळ, करडी अळंबी होय. पडद्यांऐवजीं बारीक छिद्रें दिसलीं, तर पुढें पाहण्याचें कारणच नाहीं.

चौथी सीमा बीजाणूंच्या ठशाची. ही डोळ्यांस आपोआप दिसत नाहीं. ती पाडून घ्यावी लागते, आणि म्हणूनच लोक ती टाळतात. वास्तविक तींत कांहींच कठीण नाहीं. अर्धा पांढरा व अर्धा काळा असा कागद घ्यावा. छत्रीचा देठ कापून पडदे खालीं येतील अशा रीतीनें ती दोन्ही रंगांवर ठेवावी. वर वाटी पालथी घालून रात्रभर हलवूं नये. सकाळीं कागदावर बारीक भुकटीचा ठसा उमटलेला असतो. प्लुरोटसचा ठसा पांढरा किंवा किंचित् करडट-जांभळट येतो. तो तपकिरी, तांबूस, गुलाबी किंवा काळा आला, तर ती अळंबी धिंगरी नव्हे. मग ती दिसावयास कितीही तशी असो.

ठशाचा उपयोग

ही चौथी सीमा किती महत्त्वाची आहे याचें एक उदाहरण देतों. आमच्या तालुक्यांत स्त्रियांचा एक बचत गट धिंगरीच्या पिशव्या करतो. एका श्रावणांत मागणी फार आली व माल कमी पडला. त्या वेळीं गटांतील एका मुलीनें वठलेल्या आंब्याच्या फांदीवरील पांढऱ्या, पंख्यासारख्या, बिनदेठाच्या अळंब्या टोपलीभर आणल्या. "काका, या आपल्याच दिसतात, पिशवींतल्यांत मिसळल्या तर कोणास कळणार आहे?" असें एकीनें विचारलें. त्यावर गटांतील एक वृद्ध बाई म्हणाल्या, "अगं, कळणार नाहीं म्हणूनच मिसळावयाच्या नाहींत." आम्हीं दोन अळंब्या घेऊन कागदावर ठेवविल्या. सकाळीं ठसा निघाला तो गव्हाळ तपकिरी. ती क्रेपिडोटस नांवाच्या वंशांतील अळंबी होती. कोंवळेपणीं तिचे पडदे पांढुरके असतात, व बीजाणु पिकले म्हणजे तपकिरी होतात. टोपली उकिरड्यांत गेली व त्या दिवशीं गटानें दोन गिऱ्हाइकें परत पाठविलीं. आमच्या मतें त्या दिवशीं गटाचें नुकसान न होतां नांव राखलें गेलें. विक्रीचा माल खाणाऱ्याच्या घरीं लहान मुलें असतात, वृद्ध असतात. व विकणाऱ्याचा शब्द हीच त्यांची एकमेव कसोटी असते.

परदेशांतील दोन इशारे

एवढ्यावरून ठसा पांढरा आला म्हणजे झालें, असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. जपानांत 'त्सुकियोताके', म्हणजे चांदण्या रात्रीची अळंबी, या नांवाची एक अळंबी वठलेल्या बीच वृक्षांवर झुपक्यांनीं येते. तिचा देठ बाजूस असतो व ठसाही पांढराच. धिंगरी समजून किंवा दुसरी एखादी खाद्य अळंबी समजून लोक ती खातात व ओकाऱ्यांनीं बेजार होतात. त्या देशांतील अळंबीच्या विषबाधांत हिचा वांटा फार मोठा आहे. तिच्या देठाचा उभा छेद घेतला असतां आंत बहुधा काळसर डाग दिसतो, व ताज्या अळंबीचे पडदे अंधारांत मंद प्रकाशतात. परंतु शिळ्या अळंबीचा प्रकाश नाहींसा होतो; म्हणून प्रकाश दिसला नाहीं एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाहीं.

दुसरें उदाहरण याहून गंभीर आहे. जपानांतच सूचिपर्णी वृक्षांच्या कुजक्या बुंध्यांवर एक पातळ, शुभ्र, बिनदेठाची अळंबी येते. तिचें नांव 'सुगिहिराताके'. हिराताके हें तेथें धिंगरीचें नांव, व सुगी हें एका सूचिपर्णी वृक्षाचें; अर्थात् 'सुगीवरील धिंगरी' असेंच तिला लोक म्हणत आले, व पिढ्यान्‌पिढ्या खात आले. २००४ सालच्या शरद ऋतूंत ती खाऊन ५० हून अधिक लोकांस मेंदूचा विकार जडला व त्यांपैकीं १७ जण दगावले. रोग्यांत मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांचा भरणा मोठा होता. ही अळंबी प्लुरोटस वंशाची नाहीं. पंख्यासारखा आकार, उतरते पडदे व पांढरा ठसा हें सर्व जुळतें. जुळत नाहीं ती पहिली सीमा, म्हणजे जागा, आणि छत्रीची जाडी. आपल्या महाराष्ट्रांत सूचिपर्णी वृक्षांचीं रानें नाहींत, म्हणून ही विशिष्ट भीति आपणांस नाहीं. परंतु लोकांनीं दिलेलें नांव व पूर्वापार खाण्याचा रिवाज यांवर ओळख सोंपविल्यानें काय होऊं शकतें, तें यावरून समजावें.

कित्येक लोक म्हणतात, कीं लांकडावरची अळंबी विषारी नसते, जमिनीवरचीच असते. हा समज साफ खोटा आहे. थंड प्रदेशांत कुजक्या लांकडावर येणारी गॅलेरिना नांवाची लहान तपकिरी अळंबी आहे. तिच्या एका जातींत, जमिनीवरच्या अत्यंत घातक अळंबींत जें विष असतें तेंच विष असतें. हें विष खाल्ल्यावर सहा तासांपासून एक दिवसपर्यंत कांहींच जाणवत नाहीं. नंतर ओकाऱ्या व जुलाब होतात. मग रोग्यास बरें वाटूं लागतें व घरचे लोक निश्चिंत होतात. आणि त्याच अवधींत यकृताचा नाश चालू असतो. सुदैवानें गॅलेरिना ओळखण्यास आपल्या सीमा पुरेशा आहेत: तिचा देठ मधोमध, त्यावर बारीक कडें, आणि ठसा गंजासारखा तपकिरी.

बियाण्याच्या नांवाची गोष्ट

नांवानें घोटाळा होतो तो केवळ अडाणी माणसांचा, असेंही नाहीं. आपल्या देशांत अनेक वर्षें 'साजोर-काजू' या नांवानें धिंगरीचें बियाणें विकलें गेलें, व अद्यापही कित्येक पुड्यांवर तें नांव आढळतें. १९७४ सालीं जांदैक व कपूर यांनीं तिच्या लागवडीची माहिती प्रसिद्ध केल्यावर हें नांव रूढ झालें. पुढें तज्ज्ञांनीं तपासून असें ठरविलें, कीं खरी साजोर-काजू ही लेंटिनस वंशांतील, चिवट व देठावर कडें असलेली निराळीच अळंबी आहे. आणि पिशव्यांत वाढते ती प्लुरोटस पल्मोनॅरियस. दोन्ही निरुपद्रवी असल्यामुळें कोणाचें वाईट झालें नाहीं. परंतु सात-बाराच्या उताऱ्यावर एकाचें नांव व कब्जा दुसऱ्याचा, असा जो प्रकार आपण गांवोगांव पाहतों, तसाच हा होय. नांव पाहून समाधान मानूं नये, वस्तु पाहावी.

पिशवींतील तण

आतां लागवड करणाऱ्यांनीं लक्षांत ठेवण्याची गोष्ट सांगतों. पेंढा बारीक तोडून भिजवितात, सुमारें ८० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेवून निर्जंतुक करतात, निथळून बियाणें थराथरानें घालून पिशव्या बांधतात. दोन-तीन आठवड्यांत पांढरे तंतु सर्वत्र पसरतात व मग अळंबी फुटते. परंतु पेंढा नीट तापला नसेल, किंवा फार ओला राहिला असेल, तर त्याच पिशवींतून दुसऱ्याही छत्र्या उगवतात. त्यांत नेहमीं आढळणारी म्हणजे शाईची अळंबी. तिचा देठ लांब व बारीक, छत्री घंटेसारखी. एक-दोन दिवसांत ती काळी होऊन शाईसारखी वितळते. कोंवळेपणीं ती पांढरट असते, व घाईनें तोडणाऱ्याच्या हातीं धिंगरीबरोबर सहज येते. म्हणून आपल्या हातानें भरलेल्या पिशवींतील मालही तोडतांना एकेक झुपका उलटा करून पाहावा. पिशवी आपली असली तरी तींतील प्रत्येक छत्री आपली नसते.

आणखी एक सूचना. धिंगरीचे बीजाणु विपुल असतात, व बंद खोलींत ते रोज श्वासावाटे गेल्यास कांहींस खोकला, ताप व फुफ्फुसाचा विकार जडतो. म्हणून छत्रीची कड वर वळण्यापूर्वींच तोडणी करावी, तोंडास मुखपट्टी बांधावी व खोलींत हवा खेळती ठेवावी.

खोट्या कसोट्या

रुपयाचें नाणें किंवा चांदीचा चमचा शिजवतांना टाकला व तो काळा पडला नाहीं, तर अळंबी चांगली. लसूण किंवा तांदूळ काळवंडला तर वाईट. किड्यांनीं खाल्ली असेल तर माणसास बाधत नाहीं. मीठ लावून उकळली कीं विष जातें. अशा कसोट्या अजून खेड्यांत चालतात. यांपैकीं एकही खरी नाहीं. अत्यंत घातक विष चांदीस काळें करीत नाहीं, उकळून जात नाहीं, व त्या अळंबीस कीडही सुखेनैव लागते.

रानांतील अळंबी खाल्ल्यानंतर पोटांत मळमळ, ओकारी, भोंवळ किंवा जुलाब झाल्यास घरगुती उपायांत वेळ घालवूं नये. रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. शिजविलेल्या भाजीचा उरलेला भाग व निवडतांना टाकलेले देठ कागदांत गुंडाळून बरोबर न्यावे, व किती वाजतां खाल्ली तें सांगावें. मध्यंतरीं बरें वाटूं लागलें तरी परत फिरूं नये.

तात्पर्य

मूळ प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. आंब्यावरील अळंबी प्लुरोटस असूं शकेल. परंतु 'असूं शकेल' एवढ्यावर खरेदीखत होत नाहीं, व जेवणही होऊं नये. जागा, छत्री व देठ, पडदे, आणि ठसा या चार सीमांपैकीं एकही न जुळल्यास ती अळंबी टाकून द्यावी. चारही जुळल्या तरी जाणत्या माणसास, शक्य तर कृषि महाविद्यालयांतील तज्ज्ञास, प्रत्यक्ष दाखविल्यावांचून ती तोंडांत घालूं नये. व हा लेख वाचला एवढ्या आधारावर तर कोणींच घालूं नये. ज्यांस धिंगरी खावयाची किंवा विकावयाची आहे, त्यांस पेंढा स्वस्त आहे, बियाणें मिळतें, व पिशवी टांगण्यास एक कोपरा पुरतो. रानांतील अळंबी पाहावी, तिचा ठसा घ्यावा, मुलांस शिकवावी. तिची ओळख ठेवण्यांत फायदा आहे. अर्धवट ओळखीवर तिला चुलीपर्यंत आणण्यांत मात्र सर्व घराचा धोका आहे. येत्या पावसाळ्यांत आमच्या वाचकांनीं निदान एकदां कागदावर ठसा घेऊन पाहावा, एवढी विनंति करून हा लेख संपवितों.